घराचा बाहेरचा गिलावा : घर विकत घेताना काय पाहावे आणि नंतर ते कसे सांभाळावे?



घर घ्यायचं ठरलं की आपण काय काय बघतो? खोल्या किती, स्वयंपाकघर केवढं, नळाला पाणी किती वेळ असतं, स्टेशन किंवा एसटी स्टँड किती लांब, सातबारा किंवा सोसायटीचे कागद साफ आहेत ना. हे सगळं बघायलाच हवं. पण घराच्या बाहेरच्या भिंतीकडे आपली नजर गेलीच, तर ती रंगावर थांबते. रंग नवा दिसला की आपण मनात म्हणतो, "चला, घर चांगलं ठेवलंय."

रंगाचं काम चार दिवसांत होतं. त्याच्या खालचा गिलावा मात्र दहा-वीस वर्षांचा असतो, आणि पावसाला तोंड तोच देतो. आयुष्यभराची पुंजी आणि वीस वर्षांचं कर्ज ज्या घरात घालायचं, त्याचा गिलावा वाचता आला पाहिजे. यासाठी इंजिनीअर असायची गरज नाही. पाणी कुठून येतं, कुठे थांबतं आणि कुठून बाहेर पडतं, एवढं शोधायची सवय लागली तरी पुरे. आजच्या पाठात आपण तेच शिकू या.

१) गिलावा म्हणजे काय?

वीट, चिरा किंवा ब्लॉक यांच्या भिंतीवर वाळू आणि सिमेंट यांचा, पूर्वीच्या काळी चुन्याचा किंवा मातीचा, जो थर चढवतात त्याला गिलावा म्हणतात. बोलताना आपण प्लास्टर म्हणतो. पाश्चात्त्य देशांत घराच्या बाहेरच्या अशा थराला 'स्टको' असं नाव आहे.

गिलाव्याची कला आपल्याकडे फार जुनी आहे. अजिंठ्याची चित्रं खडकावर थेट काढलेली नाहीत. खडकावर आधी मातीचा गिलावा केला, त्यात तूस आणि वनस्पतींचे तंतू मिसळले, वर चुन्याचा पातळ हात दिला आणि मग चित्रं रंगवली. तंतू कशासाठी? माती वाळताना आकसते आणि तिला भेगा पडतात. तंतू ती धरून ठेवतात. भेगांचा प्रश्न तेव्हाही होता आणि आजही आहे.

पुढे वाड्यांना चुना आला. चुन्याच्या घाणीत वाळू आणि चुना मळून घेत, त्यात विटांची भुकटी म्हणजे सुरखी घालत. १८२४ साली इंग्लंडमध्ये जोसेफ ॲस्पडिन याने पोर्टलंड सिमेंटचं पेटंट घेतलं. सिमेंट लवकर घट्ट होतं, कडक होतं, म्हणून हळूहळू चुना मागे पडला. आज आपण जी घरं विकत घेतो त्यांतली बहुतेक सिमेंटच्या गिलाव्याची असतात.

२) चांगला गिलावा कसा केलेला असतो?

बाहेरच्या भिंतीला साधारणपणे दोन हात देतात. पहिला हात १२ ते १५ मिलिमीटर जाड. त्यावर दुसरा हात ८ ते १० मिलिमीटरचा, ज्याला गवंडी सँड फेस म्हणतात. म्हणजे सगळा मिळून थर साधारण २० ते २५ मिलिमीटरचा होतो. प्रमाण बहुधा एकास चार, म्हणजे एक भाग सिमेंट आणि चार भाग वाळू.

सँड फेसचा पृष्ठभाग मुद्दाम खरखरीत ठेवतात. पुष्कळांना वाटतं की बाहेरची भिंत जितकी गुळगुळीत तितकी चांगली. पण गुळगुळीतपणासाठी वर सिमेंटचा घट्ट घोटा मारला, तर तो थर वाळताना जास्त आकसतो आणि कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा पडतात.

गिलावा टिकणार की नाही, हे चार गोष्टींवर ठरतं.

पहिली गोष्ट वाळू. वाळूत माती किंवा गाळ जास्त असला तर सिमेंट तिला नीट धरत नाही. हे घरीही तपासता येतं. काचेच्या सरळ बाटलीत निम्मी वाळू आणि वर पाणी घ्या, जोरात हलवा आणि काही तास ठेवून द्या. वाळू खाली बसेल, तिच्यावर गाळाचा थर दिसेल. हा थर वाळूच्या ८ टक्क्यांहून जास्त असेल तर ती वाळू धुतल्याशिवाय वापरू नये. खाडीची खारट वाळू तर नकोच. तिच्यातलं मीठ पुढे भिंतीवर पांढरं होऊन फुटतं आणि सळयाही खातं.

दुसरी गोष्ट वेळ. पाणी घातल्यावर सिमेंट अर्ध्या तासानंतर केव्हाही घट्ट व्हायला लागू शकतं. सकाळी कालवलेल्या मालात दुपारी पुन्हा पाणी घालून तो वापरला, तर तो दिसायला मऊ असतो, पण त्याची ताकद गेलेली असते.

तिसरी गोष्ट सांधा. काँक्रीटचा कॉलम आणि विटांची भिंत उन्हात सारख्या प्रमाणात फुगत नाहीत. म्हणून त्यांच्या सांध्यावर कोंबडी-जाळी ठोकून मग गिलावा करतात. काँक्रीट गुळगुळीत असतं, म्हणून त्याला आधी टाचेही मारावे लागतात. नाहीतर गिलावा तिथून सुटतो.

चौथी गोष्ट पाणी मारणं. सिमेंट वाळून घट्ट होत नाही, पाण्याशी संयोग होऊन घट्ट होतं. म्हणून कमीत कमी ७ दिवस भिंत ओली राहिली पाहिजे. मे महिन्याच्या उन्हात पश्चिमेची भिंत तासाभरात सुकते, तिथे सकाळ-संध्याकाळ पाईप धरणं पुरत नाही.

३) पाणी आत शिरतं कसं?

निरांजनाची वात आठवा. तेल खाली असतं, ज्योत वर असते, तरी तेल वर चढतं. वातीच्या बारीक धाग्यांमधून ते ओढलं जातं. गिलाव्याची केसाएवढी भेगही असंच पाणी ओढून घेते. म्हणून "भेग बारीकच आहे, काही होत नाही" असं म्हणू नये.

आता पावसाचा विचार करा. आपल्याकडचा मोसमी वारा नैर्ऋत्येकडून येतो. त्यामुळे पश्चिम आणि दक्षिण बाजूच्या भिंती सर्वांत जास्त मार खातात. कोकणात वर्षाला सरासरी ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, पुण्यात साधारण ७००. म्हणजे एकाच दर्जाचा गिलावा पुण्यात निभावून जाईल आणि चिपळूणला तीन पावसाळ्यांत उघडा पडेल. जुन्या कोकणी घरांची वळचण मोठी असते, पुढे-मागे पडवी असते, आणि पावसाळ्याआधी भिंतींना माडाची झापं बांधतात, ती याच कारणामुळे. पाणी भिंतीला लागूच द्यायचं नाही, हा सर्वांत स्वस्त उपाय त्यांना ठाऊक होता.

आजच्या घरांत पाणी शिरायच्या जागा ठरलेल्या आहेत :

- खिडकीची चौकट आणि भिंत यांच्यामधली फट
- खिडकीचा खालचा ओटा आतल्या बाजूला उतरता असणं
- छज्जाच्या खालच्या कडेला खाच नसणं. खाच असेल तर पाणी तिथे थेंब होऊन गळतं. नसेल तर ते छज्जाच्या पोटाला चिकटून थेट भिंतीपर्यंत येतं
- गच्चीच्या कठड्याचा माथा सपाट किंवा फुटका असणं
- एसी, केबल, ग्रिल यांच्यासाठी पाडलेली आणि न बुजवलेली भोकं
- बाथरूमच्या बाहेरच्या पाइपांचे गळके सांधे
- जोत्यालगत टाकलेली मातीची भर, किंवा भिंतीला टेकवून ठेवलेल्या कुंड्या

या यादीत खुद्द गिलाव्याचा दोष फारच थोडा आहे. तो बिघडतो बहुधा दुसऱ्याच्या चुकीमुळे, आणि आपण मात्र त्यालाच पुन्हा पुन्हा रंगवत बसतो.

४) भेगा वाचायला शिका

डॉक्टर जसा पुरळ बघून कशाचा ताप आहे ते ओळखतो, तशी भेगेच्या आकारावरून तिच्या कारणाची कल्पना येते.

जाळीसारख्या बारीक भेगा : गिलावा वाळताना आकसल्याच्या खुणा. घराला धोका नाही, पण बुजवून रंग द्यायला हवा.

कॉलम किंवा बीमच्या कडेने जाणारी सरळ भेग : काँक्रीट आणि वीट यांच्या सांध्यात जाळी न लावल्याचं लक्षण. दुरुस्त होते.

खिडकी-दाराच्या कोपऱ्यातून निघालेली तिरकी भेग : कोपऱ्यात ताण साठतो म्हणून पडते. बारीक असेल तर साधी, रुंद असेल किंवा वाढत असेल तर तपासायला हवी.

विटांच्या सांध्यांतून पायऱ्या-पायऱ्यांनी उतरणारी भेग : पाया एका बाजूला खचत असल्याची शक्यता. देशावर काळ्या मातीच्या भागात ही जास्त दिसते, कारण काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते.

बीम किंवा कॉलमच्या लांबीने जाणारी, तांबूस डाग असलेली भेग : हिच्याकडे सर्वांत जास्त लक्ष द्या. आतली सळई गंजते आहे. गंजाचं आकारमान मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त असतं, त्यामुळे तो आतून काँक्रीट फोडतो. अशा भेगेवर वरून गिलावा करणं म्हणजे गळू न कापता वर पट्टी बांधण्यासारखं आहे.

भेग वाढते आहे का, हे कळायला एक सोपी युक्ती आहे. तिच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने आडवी रेघ मारा, शेजारी तारीख लिहा आणि मोबाईलवर फोटो काढून ठेवा. भेग काही महिन्यांनी रेघेच्या पुढे गेली असेल तर ती 'जिवंत' आहे. जिवंत भेग नुसती बुजवून उपयोग नाही, आधी तिचं कारण शोधावं लागतं.

५) घर बघायला गेल्यावर काय कराल?

पहिली सूचना : घर निदान दोनदा बघा, आणि जमल्यास त्यातली एक फेरी पावसाळ्यात करा. एप्रिल-मेमध्ये प्रत्येक भिंत कोरडी असते. खरा गिलावा श्रावणात कळतो. पावसाळ्यापर्यंत थांबणं शक्य नसेल तर पुढच्या खुणा शोधा.

१. घरात शिरण्याआधी बाहेरून एक फेरी मारा. पश्चिमेच्या भिंतीपासून सुरुवात करा. काळे ओघळ, हिरवं शेवाळ, पांढरा लोणा, पोपडे जिथे दिसतील त्याच्या वर काय आहे ते बघा. बहुतेक वेळा वर पाइप, कठडा किंवा खिडकी सापडेल.

२. हाताला लागेल तिथे भिंतीवर नाण्याने किंवा छोट्या लाकडी दांडक्याने हलकेच वाजवा. भरीव गिलावा टणक वाजतो. सुटलेला गिलावा 'डब डब' असा पोकळ वाजतो. एखादाच तळहाताएवढा भाग पोकळ असेल तर दुरुस्ती किरकोळ. मोठा पट्टा पोकळ असेल तर तो सगळा उतरवावा लागेल.

३. भिंतीत उगवलेली पिंपळ-वडाची रोपं बघा. रोप दिसतं वीतभर, पण मूळ पाण्याच्या शोधात भेगेतून खूप आत गेलेलं असतं. जिथे रोप जगलंय तिथे ओल आहे, एवढं तरी नक्की.

४. आता घरात या. बाहेर जिथे डाग दिसला, त्याच जागेची आतली बाजू शोधा. तिथे कपाट किंवा वॉलपेपर असेल तर विनंती करून मागे डोकवा. बंद खोलीचा कुबट वास रंगाने जात नाही, म्हणून आधी नाकाने बघा.

५. आतल्या भिंतीचा खालचा फूट-दोन फूट भाग तपासा. ओल खालून वर चढली असेल तर जोत्यापाशी ओलावा अडवणारा थर नीट नाही. ओल वरून खाली उतरली असेल तर गच्ची किंवा कठडा संशयित.

६. एकाच भिंतीवर ताजा रंग आणि बाकीच्या भिंती जुन्या, असं दिसलं तर सरळ विचारा, "ही भिंत नुकतीच का रंगवली?" विकण्याआधी घर रंगवणं ही लबाडी नाही. प्रश्नाला उत्तर कसं मिळतं तेवढं लक्षात ठेवा.

शंका आली तर स्ट्रक्चरल इंजिनीअरला घेऊन जा. घराच्या किमतीपुढे त्याची फी फार नसते, आणि त्याच्या लेखी अहवालावर भाव कमी करून मागता येतो.

६) फ्लॅट घेत असाल तर

फ्लॅटमध्ये बाहेरची भिंत एकट्याची नसते. म्हणून भिंतीबरोबर सोसायटीही बघावी लागते.

सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट दर ५ वर्षांनी, आणि ३० वर्षांपुढच्या इमारतीचं दर ३ वर्षांनी करायचं असतं. शेवटचा अहवाल मागा. तसंच बाहेरून शेवटचं प्लास्टर आणि रंग कधी झाला, दुरुस्ती निधीत किती रक्कम आहे, आणि येत्या सभेत मोठ्या दुरुस्तीचा ठराव येणार आहे का, हेही विचारा. ताबा घेतल्यावर दोन महिन्यांत दुरुस्तीसाठी मोठी वर्गणी भरावी लागली, तर तुमचं घराचं गणित कोलमडेल.

पावसाच्या पाण्यामुळे किंवा बाहेरच्या सामाईक पाइपांमुळे होणारी गळती दुरुस्त करणं ही या उपविधींनुसार सोसायटीची जबाबदारी आहे. वरच्या सभासदाच्या संडास-बाथरूममुळे होणारी गळती त्या सभासदाची. तक्रार तोंडी करू नका, लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

नवा फ्लॅट असेल तर २०१६ चा रेरा कायदा लक्षात ठेवा. त्याच्या कलम १४ (३) नुसार ताबा दिल्यापासून ५ वर्षांच्या आत बांधकामात किंवा कारागिरीत दोष दिसला, तर कळवल्यापासून ३० दिवसांत तो फुकट दुरुस्त करून देणं बिल्डरवर बंधनकारक आहे. नाही केलं तर ग्राहकाला भरपाई मागता येते, आणि त्यासाठी महारेराकडे दाद मागता येते. म्हणून नव्या घराच्या पहिल्या पाच पावसाळ्यांचे तारीखवार फोटो जपून ठेवा.

आता थोडं गणित करू. २५ मिलिमीटर जाड गिलाव्याचं एक चौरस मीटरचं वजन साधारण ५० किलो भरतं, म्हणजे सिमेंटची एक गोणी. दहा फूट बाय दहा फूट भिंतीवर अशा नऊ गोण्या लटकलेल्या असतात. पाचव्या मजल्यावरचा पोकळ वाजणारा तुकडा हा फक्त दिसण्याचा प्रश्न उरत नाही. खाली मुलं खेळतात, भाजीवाला उभा असतो. अशी जागा दिसली तर आधी खालचा भाग दोरी बांधून बंद करा, मग सभा बोलवा.

७) जुना वाडा किंवा चिऱ्याचं घर घेत असाल तर

इथे एक चूक फार होते. माती-चुन्याची जुनी भिंत जमिनीतलं थोडं पाणी ओढून घेते आणि चुन्याच्या गिलाव्यातून ते हवेत सोडून देते. जणू ती श्वास घेते. अशा भिंतीवर "मजबूत करू" म्हणून सिमेंटचा कडक गिलावा चढवला, तर पाण्याची बाहेर पडायची वाट बंद होते. ओल भिंतीतच अडकते, आतली माती मऊ होते, आणि काही वर्षांत सिमेंटचा पापुद्रा मातीसकट सुटतो. जुन्या भिंतीला तिच्याच जातीचा, म्हणजे चुन्याचा गिलावा शोभतो आणि टिकतोही. चुन्याचं काम जाणणारा गवंडी शोधावा लागेल, पण शोधाच.

जांभ्याचा चिराही सच्छिद्र असतो. कोकणात आणि गोव्यात चिऱ्याची भिंत उघडी ठेवलेली दिसते, ती छान दिसते, पण तिला मोठी वळचण हवी. पावसाची झड थेट लागणाऱ्या बाजूला गिलावा नसेल तर आत ओल येणारच.

८) वर्षभराचं वेळापत्रक

मे महिना (मृगाआधी) : गच्ची आणि पन्हळी झाडून घ्या, पाणी जायची भोकं मोकळी करा. बारीक भेगा बुजवा. जोत्यालगतची माती खाली ओढा, म्हणजे पाणी घरापासून दूर वाहील.

जून ते सप्टेंबर : दुरुस्ती करू नका, नोंद करा. जोराचा पाऊस चालू असताना छत्री घेऊन एक फेरी मारा. पाणी कुठून ओघळतं हे त्या दहा मिनिटांत जेवढं कळतं, तेवढं वर्षभरात कळत नाही.

ऑक्टोबर : भिंत वाळू द्या. शेवाळ ब्रशने घासून काढा. रोपं मुळासकट काढा, नुसती कापली तर पुन्हा फुटतात.

दिवाळीनंतर, नोव्हेंबर ते फेब्रुवारी : गिलाव्याच्या कामाला हा सर्वांत चांगला काळ. ऊन सौम्य असतं, माल हळूहळू घट्ट होतो, पाणीही कमी मारावं लागतं.

बाहेरचा रंग साधारण ५ ते ७ वर्षांनी द्यावा लागतो. समुद्राजवळ त्याआधीही.

९) दुरुस्ती करून घेताना

कामाचा क्रम महत्त्वाचा. आधी पाण्याचा उगम बंद करायचा : पाइप, कठडा, खिडकी, गच्ची. मग गिलावा, आणि शेवटी रंग. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी हा क्रम उलटा होतो. आधी रंगवाला बोलावतात, कारण तो स्वस्त असतो आणि फरक लगेच दिसतो.

पोकळ भाग उतरवताना तो कडेपर्यंत, म्हणजे टणक आवाज येईपर्यंत काढायला सांगा. भेग असेल तर ती आधी थोडी रुंद करून, धूळ काढून मगच भरायची. खाली सळई उघडी पडली तर गंज खरवडून, तिला गंजरोधक लेप देऊन मग पॉलिमर मिसळलेल्या मालाने भरतात. हे काम साध्या गवंड्याचं नाही, जाणकार ठेकेदाराला द्या.

नवा गिलावा झाल्यावर रंगाची घाई करू नका. ताजं सिमेंट तीव्र अल्कधर्मी असतं, ते रंग खराब करतं. साधारण २८ दिवस थांबा. ठेकेदाराशी लेखी करार करा : प्रमाण काय, किती हात, जाळी कुठे, पाणी किती दिवस मारणार, आणि परांचीचा खर्च कोणाचा. परांचीचा खर्च मोठा असतो, म्हणून ती बांधलेली असतानाच पाइप, गिलावा आणि रंग ही सगळी कामं उरकून घ्या.

१०) परदेशात 'स्टको'चं घर घेणाऱ्यांसाठी दोन शब्द

आपल्यापैकी अनेकांची मुलं-भावंडं कॅलिफोर्निया, ॲरिझोना, टेक्सासमध्ये घरं घेतात. तिथलं स्टकोचं घर बाहेरून आपल्यासारखंच दिसतं, पण आत वीट नसते. लाकडी सांगाडा, त्यावर फळ्या, पाणीरोधक कागद, तारेची जाळी आणि वर साधारण २२ मिलिमीटर गिलावा, अशी रचना असते. म्हणजे पाणी शिरलं तर तिथे भिंत आतल्या आत कुजते, आणि हे वर्षानुवर्षं कळत नाही.

म्हणून तिथे भिंतीच्या तळाशी पाणी निथळण्यासाठी धातूची पट्टी बसवतात. ती मातीपासून ४ इंच आणि फरसबंदीपासून २ इंच वर असावी लागते. बागेची माती वाढवून ही पट्टी बुजवली असेल तर तो धोक्याचा इशारा समजा. थर्मोकोलसारख्या पत्र्यांवर पातळ लेप दिलेला आणखी एक प्रकार असतो. १९९० च्या दशकात नॉर्थ कॅरोलायनातल्या विल्मिंग्टन शहरात अशा अनेक घरांत ओल अडकून लाकूड कुजल्याचं उघड झालं आणि त्यानंतर निथळीची सोय असलेल्या रचनेवर भर आला. घर घेण्याआधी ओलावा मोजणारी तपासणी वेगळी करून घ्या, सर्वसाधारण तपासणीत ती धरलेली नसते.

११) नेहमी विचारले जाणारे प्रश्न

प्रश्न : वॉटरप्रूफ रंग लावला की काम झालं ना?
उत्तर : भिंत आतून कोरडी आणि गिलावा घट्ट असेल तर चांगला रंग मदत करतो. ओल्या भिंतीवर लावला तर पाणी आत कोंडतं आणि रंगाला फुगे येतात.

प्रश्न : ओल आत दिसते, मग आतूनच उपाय केला तर?
उत्तर : डाग काही काळ दिसेनासा होईल. पाणी मात्र भिंतीतच राहील आणि दुसऱ्या जागी निघेल. शक्यतो जिथून पाणी शिरतं त्या बाजूनेच अडवा.

प्रश्न : सिमेंट जास्त घातलं तर गिलावा मजबूत होईल का?
उत्तर : कडक होईल, पण जास्त आकसेल आणि फाटेल. हलक्या ब्लॉकच्या भिंतीवर तर सिमेंट आणखी कमी ठेवतात, म्हणजे एकास सहाच्या आसपास.

प्रश्न : भेगा असलेलं घर घ्यावंच नाही का?
उत्तर : असं काही नाही. कारण सापडलं, खर्च कळला आणि तो किमतीतून वजा झाला, तर भेगा असलेलं घरही चांगलं. कारण कळत नसेल तर मात्र थांबा.

घरचा अभ्यास

आज संध्याकाळी तुम्ही राहता त्या घराभोवती एक फेरी मारा. वहीत चार भिंतींचे चार चौकोन काढा. दिसलेली प्रत्येक भेग, डाग आणि रोप त्या चौकोनात मांडा, तारीख घाला. मग प्रत्येक खुणेपुढे एकच प्रश्न लिहा : इथे पाणी कुठून आलं? मुलांनाही बरोबर घ्या, त्यांची नजर आपल्यापेक्षा तीक्ष्ण असते. पहिला पाऊस पडला की तीच वही घेऊन पुन्हा फेरी मारा आणि उत्तरं तपासा. पुढे कधी घर विकत घ्यायला गेलात, तर हाच सराव उपयोगी पडेल.